पट्टा किती ओढतो? गिरणीच्या पुलीवरचा भार काढायची रीत

आमच्या भागातल्या एका पिठाच्या गिरणीत पुलीकडचं बेअरिंग दर सहा महिन्यांनी जायचं. दगडाकडचं बेअरिंग मात्र कित्येक वर्षं तेच होतं. गिरणीवाल्या काकांची खात्री झाली होती की बाजारात माल बोगस येतोय. फिटर यायचा, नवं बेअरिंग ठोकायचा, मोटरच्या पायाचे नट सैल करायचा आणि पहार घालून मोटर मागे रेटायचा. पट्ट्यावर थाप मारली की तो फळीसारखा टणक लागला पाहिजे, मगच नट आवळले जायचे.

मी गेलो तेव्हा सोबत एक स्प्रिंगचा ताणकाटा आणि स्टीलची पट्टी होती. त्यावर जे मोजलं आणि वहीत जे गणित मांडलं, तेच इथे क्रमानं देतो. गिरणी असो, उसाची रसवंती असो, कडबाकुट्टी असो की शेतावरचा पंप, आकडे बदलतील पण रीत हीच राहील. लागतं काय, तर दहावीची त्रिकोणमिती आणि घातांक काढणारा कॅल्क्युलेटर. तो आता प्रत्येक फोनमध्ये असतो.

आधी मोजमापं

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मगच जाळी उघडा. पट्टा आणि पुलीच्या मध्ये बोट गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही.

आमच्या गिरणीची मापं अशी होती. मोटर १० हॉर्सपॉवर म्हणजे ७.५ किलोवॅट, पाटीवर १४४० फेरे. मोटरवरची पुली १५० मि.मी., चक्कीवरची ३०० मि.मी., दोन्ही शाफ्टच्या मध्यांमधलं अंतर ६०० मि.मी., आणि तीन व्ही पट्टे, म्हणजे पाचरीच्या आकाराचे, बी सेक्शन या मापाचे. चक्कीचा शाफ्ट ४० मि.मी. जाडीचा, दोन बेअरिंगांमध्ये ३०० मि.मी. अंतर, आणि पुली जवळच्या बेअरिंगपासून १५० मि.मी. बाहेर लोंबकळत. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा.

पुलीचा व्यास मोजताना बहुतेकांची एक चूक होते. कॅलिपर काठावर लावला तर ही पुली १५७ भरते. पण व्ही पट्ट्यातले ओढ घेणारे दोरे काठाच्या थोडे आत बसतात, आणि गणिताला त्या रेषेवरचा व्यास लागतो. त्याला पिच व्यास म्हणतात. बी सेक्शनच्या पुलीत ती रेषा काठापासून निदान ३.५ मि.मी. आत असते, म्हणून व्यासातून ७ वजा करायचे. व्ही पुलीच्या खाचांची मापं आयएस ३१४२ या भारतीय मानकात दिलेली आहेत. पुली कातणाऱ्या टर्नरकडे त्याचा तक्ता असतोच.

पट्ट्याला किती ओढावं लागतं

पट्ट्याचा वेग काढू. पुलीचा परीघ गुणिले सेकंदाला फेरे: ३.१४१६ × ०.१५ × (१४४० ÷ ६०) = सेकंदाला ११.३१ मीटर.

शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. म्हणून ओढ = ७५०० ÷ ११.३१ = ६६३ न्यूटन. गिरणीत न्यूटन कोणी बोलत नाही, म्हणून ९.८१ ने भागा: साधारण ६८ किलो.

पडताळा दुसऱ्या वाटेनं घ्या. मोटरची पीळ-ताकद, म्हणजे टॉर्क = ९५५० × ७.५ ÷ १४४० = ४९.७ न्यूटन-मीटर. त्याला पुलीच्या त्रिज्येनं, ०.०७५ ने भागलं की पुन्हा ६६३. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर बहुधा व्यासाच्या जागी त्रिज्या किंवा मीटरच्या जागी मिलिमीटर घुसलेलं असतं.

इथेच एक गोष्ट दिसते. वेग भागाकारात खाली आहे. चक्की सावकाश फिरावी म्हणून कोणी मोटरवरची पुली १५० ऐवजी १०० ची बसवली, तर पट्ट्याचा वेग ७.५४ वर येतो आणि तीच शक्ती न्यायला ओढ ६६३ वरून ९९५ न्यूटन होते. दीडपट. शिवाय बी पट्ट्याला १२५ मि.मी.पेक्षा लहान पुलीवर वाकवायचं नसतं, आतले थर तडकतात. फेरे कमी करायचे तर जागा असेल तोवर चक्कीची पुली मोठी करा, मोटरची लहान करू नका. स्वस्त पडते म्हणून लहान पुली घेणारे लोक नंतर तेच पैसे पट्ट्यांवर घालतात.

घट्ट बाजू आणि सैल बाजू

६६३ न्यूटन ही निव्वळ ओढ झाली, पुलीवरचा भार नव्हे. दोन्हींत गल्लत झाली की पुढचं सगळं गणित कमी भरतं.

पट्ट्याला दोन बाजू असतात. एक मोटरकडे ओढली जाते, ती घट्ट; दुसरी परत सुटते, ती सैल. सैल म्हणजे लोंबती नव्हे. तिच्यातही ताण हवा, नाहीतर पट्टा पुलीला धरणार नाही. घट्ट बाजूचा ताण ‘घ’ आणि सैल बाजूचा ‘स’ म्हणू. चक्की फिरवते ती दोघांमधली तफावत: घ − स = ६६३. पण शाफ्टला दोन्ही बाजू एकाच दिशेला खेचत असतात, म्हणून शाफ्टवर येते ती बेरीज: घ + स.

तफावत कळली, बेरीज काढायला आणखी एक धागा हवा. तो घर्षणातून मिळतो. उधळलेल्या बैलाचं दावं नुसतं हातात धरून माणूस फरफटत जातो, पण तेच दावं खांबाला दोन वेढे घालून टोक धरलं तर पोरगंही बैल थोपवतं. प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेनं नव्हे, गुणाकारानं वाढते. याचं सूत्र अठराव्या शतकात लिओनहार्ड ऑयलर या गणितज्ञानं मांडलं: घ ÷ स = २.७१८ चा घात (घर्षणांक × वेढ्याचा कोन). कोन अंशात नव्हे, रेडियनमध्ये घ्यायचा: अंशांना ३.१४१६ ने गुणून १८० ने भागलं की रेडियन मिळतात.

वेढ्याचा कोन लहान पुलीवर काढा, कारण पकड आधी तिथेच सुटते. दोन व्यासांमधला फरक भागिले दुप्पट अंतर: १५० ÷ १२०० = ०.१२५. ज्या कोनाची साइन ०.१२५ आहे तो ७.१८ अंश. वेढा = १८० − २ × ७.१८ = १६५.६ अंश, म्हणजे २.८९ रेडियन.

आता व्ही पट्ट्याची करामत. तो खाचेच्या तळाला टेकत नाही, दोन्ही भिंतींमध्ये पाचरीसारखा रुततो. १५० मि.मी.च्या बी पुलीची खाच ३४ अंशांची असते, तिचा अर्धा १७. घर्षणांकाला १७ अंशांच्या साइननं, ०.२९२ ने भागायचं, म्हणजे पकड जवळजवळ ३.४ पट होते. रबर आणि बिडाचा घर्षणांक ०.३ धरला तर भागाकार १.०३ येतो आणि घ ÷ स तब्बल १९ च्या आसपास जातं.

या १९ वर कोणीही भरवसा ठेवू नये. पावसाळ्यातला दमटपणा, पिठाचा थर, ग्रीसचा एखादा थेंब, झिजलेली खाच, यांतलं काहीही पकड निम्म्यावर आणतं. म्हणून पट्टे बनवणारे सूत्रात भागून आलेल्या अंकाच्या जागी सरळ ०.५१२ धरतात. तेवढ्यानं पूर्ण अर्ध्या वेढ्याला, १८० अंशांना, घ ÷ स बरोबर ५ येतं. हा पाचाचा नियम व्ही पट्ट्याच्या कामात सगळीकडे भेटेल. आपल्या १६५.६ अंशांना ०.५१२ × २.८९ = १.४८, आणि २.७१८ चा १.४८ घात = ४.४.

दोन समीकरणं, दोन अज्ञात. घ = ६६३ × ४.४ ÷ ३.४ = ८५८ न्यूटन. स = १९५ न्यूटन. बेरीज १०५३.

म्हणजे ६८ किलोची ओढ द्यायला शाफ्टला १०७ किलो सोसावे लागतात. ५० किलोच्या गव्हाच्या दोन पोत्यांहून जास्त, दिवसभर, एकाच बाजूला.

जुन्या ऑइल इंजिनाच्या गिरण्यांमध्ये सपाट पट्टा असायचा. त्याला पाचरीचा फायदा नाही. घर्षणांक ०.३ आणि अर्धा वेढा धरला तर घ ÷ स अडीचच्या थोडं वर येतं आणि शाफ्टवरचा भार ओढीच्या सव्वादोन पटींहून जास्त होतो. त्या गिरण्यांचे शाफ्ट आजच्या नजरेला उगाच जाड वाटतात, पण त्यांना तेवढं सोसावं लागत होतं.

दिशा

दोन्ही बाजू समांतर नाहीत, मोठ्या पुलीकडे फाकतात. म्हणून साधी बेरीज किंचित जास्त भरते. काटेकोर हवं असेल तर दोन तुकडे करा. शाफ्ट जोडणाऱ्या रेषेवरचा: १०५३ × कोसाइन ७.१८ = १०४५. त्या रेषेला काटकोनातला: ६६३ × साइन ७.१८ = ८३. दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ १०४८. साध्या बेरजेपेक्षा ५ न्यूटन कमी, म्हणून गिरणीवर बसून हे करायची गरज नाही. अंतर फार कमी आणि पुल्यांमध्ये फरक फार असेल, वेढा १२० अंशांवर आला असेल, तेव्हा मात्र साधी बेरीज साधारण अकरा टक्के जास्त भरते.

त्याहून महत्त्वाचं आहे ते मोटर कुठे बसली आहे. बिडाची ही ३०० ची पुली १४ किलोची धरू, म्हणजे १३७ न्यूटन सरळ खाली. मोटर शेजारी असेल तर पट्ट्याचा भार आडवा आणि वजन उभं. बेरीज वर्गमुळानं होते आणि वजन जवळजवळ दिसतच नाही. मोटर खाली असेल तर दोन्ही सरळ मिळवा. वर असेल तर वजा करा. प्लमर ब्लॉकचं, म्हणजे बेअरिंग ज्या घरात बसतं त्याचं, झाकण वरच्या दिशेच्या भारासाठी बनवलेलं नसतं, त्यामुळे मोटर वर टांगायची असेल तर बोल्ट तपासून घ्या.

ताण कोण ठरवतं

आता या सगळ्या लेखाचं मर्म. वर काढलेले घ आणि स हे ‘किमान लागणारे’ आकडे आहेत. प्रत्यक्षात बेरीज किती होणार हे चक्की चालू करायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

यंत्र बंद असताना दोन्ही बाजूंचा ताण सारखा असतो. चालू केल्यावर घट्ट बाजूला जेवढा वाढतो, सैल बाजूला साधारण तेवढाच कमी होतो, कारण पट्ट्याची एकूण लांबी तीच राहते. तफावत बदलते, बेरीज बदलत नाही. म्हणजे चक्की रिकामी फिरो की ज्वारीनं भरलेली असो, शाफ्टवरचा खेचाव जवळपास तोच असतो. फिटरनं पहारीनं जो ताण कोंबला, तो बेअरिंग रात्री गिरणी बंद असतानाही सोसत असतं.

मग किती ताण द्यायचा? धक्के, भार वर-खाली होणं यासाठी शक्तीला एका गुणकानं वाढवतात, त्याला सर्व्हिस फॅक्टर म्हणतात. दिवसाला दहा तासांच्या आत चालणाऱ्या गिरणीला मी १.२ धरतो. बेरजेचा निम्मा ५२६, गुणिले १.२ = ६३२ न्यूटन.

त्यात एक छोटी भर. पट्टा पुलीवरून वळताना बाहेर फेकला जातो, गोफणीतल्या दगडासारखा. त्यासाठी प्रत्येक पट्ट्यात मीटरचं वजन × वेगाचा वर्ग एवढा ताण खर्ची पडतो. बी पट्टा मीटरला साधारण ०.१८ किलो. ०.१८ × ११.३१ × ११.३१ = २३ न्यूटन, तीन पट्ट्यांचे ६९. हा ताण पुलीला दाबत नाही, पट्टा स्वतःलाच सांभाळण्यात घालवतो. म्हणून बंद असताना प्रत्येक बाजूला ६३२ + ६९ = ७०१ न्यूटन हवेत, पट्ट्यामागे २३४.

बंद असताना शाफ्टवर २ × ७०१ × ०.९९२ = १३९१ न्यूटन (०.९९२ हा ७.१८ अंशांचा कोसाइन). चालू असताना फेकीचा भाग वजा जाऊन सुमारे १२५७. थांबलेल्या चक्कीच्या बेअरिंगवर चालत्यापेक्षा जास्त भार असतो, हे पहिल्यांदा आकड्यात पाहिलं तेव्हा मला स्वतःला पुन्हा गणित तपासावं लागलं होतं.

ताणकाट्यानं मोजणी

दोन पुल्यांच्या मधला मोकळा, सरळ पट्टा किती लांब ते काढा: ६०० चा वर्ग उणे ७५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, ५९५ मि.मी. पट्टा मध्यभागी दर मीटरला १६ मि.मी. या हिशेबानं वाकवायचा, म्हणजे ९.५ मि.मी. पुलीच्या काठांवर एक सरळ पट्टी ठेवली की वाक मोजायला आधार मिळतो. काटा पट्ट्याच्या बरोबर मध्ये, पट्ट्याला काटकोनात लावून ओढा.

एवढ्या वाकाला लागणारा जोर हा पट्ट्याच्या ताणाचा सोळावा भाग असतो, अधिक पट्ट्याच्या स्वतःच्या ताठरपणाचे थोडेसे. २३४ ÷ १६ = १४.६, आणि ताठरपणाचा एखादा न्यूटन. म्हणजे काट्यावर साधारण १.६ किलो. नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत खाचेत बसतो आणि ढिला पडतो, म्हणून त्याला ताण १.३ ते १.५ पट द्यायचा, काट्यावर २ ते सव्वादोन किलो, आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासायचं.

काकांच्या गिरणीत काटा ५.५ किलोवर गेला.

उलटं गणित करा. ५.५ किलो म्हणजे ५४ न्यूटन. गुणिले सोळा, ताठरपणाचे वजा करून, पट्ट्यामागे ८५० न्यूटन. हवे होते २३४. तीन पट्टे, दोन बाजू: शाफ्टवर ५००० न्यूटनच्या वर, अर्ध्या टनाहून जास्त. फिटरच्या अंगात एवढं बळ कुठून आलं? पहारीतून. १.२ मीटरच्या पहारीला टोकापासून ५ सेंटीमीटरवर टेकू दिला तर जोर २३ पट होतो. माणसानं ४० किलोचा रेटा दिला की मोटरच्या बुडाशी ९०० किलो. त्यातले काही रेलच्या घर्षणात गेले तरी उरलेलं पुरे झालं. मोटर सरकवायला रेलवरचा आटेदार बोल्ट वापरा, पाना पाव-पाव फेरा फिरवा, दर वेळी काटा लावा. पहार जमिनीत खड्डे घ्यायला असते.

बेअरिंगचा हिशेब

पुली दोन बेअरिंगांच्या बाहेर असेल तर तराजूच्या दांडीचा नियम लागतो. जवळच्या बेअरिंगवर भार = खेचाव × (बेअरिंगांमधलं अंतर + लोंबकळ) ÷ बेअरिंगांमधलं अंतर. लांबच्या बेअरिंगवर = खेचाव × लोंबकळ ÷ अंतर, उलट दिशेनं.

काकांच्या गिरणीत चालू असतानाचा खेचाव सुमारे ४९३० न्यूटन होता. जवळच्या बेअरिंगवर ४९३० × ४५० ÷ ३०० = ७३९५ न्यूटन. लांबच्यावर २४६५. पुलीकडचंच बेअरिंग का जात होतं आणि दगडाकडचं का टिकत होतं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आलं.

किती दिवस टिकेल? बॉल बेअरिंगची क्षमता भागिले भार, त्याचा घन, म्हणजे तेवढे दशलक्ष फेरे. शंभरातली नव्वद बेअरिंगं निदान तेवढी टिकतात, असा त्याचा अर्थ. ४० मि.मी. शाफ्टच्या २०८ नंबरच्या बेअरिंगची क्षमता सुमारे २९,००० न्यूटन असते. २९,००० ÷ ७३९५ = ३.९२, त्याचा घन ६०. सहा कोटी फेरे ऐकायला पुष्कळ वाटतात, पण चक्की मिनिटाला ७२० फेरे घेते, तासाला ४३,२००. सहा कोटी संपायला १४०० तास. रोज आठ तास गिरणी चालली तर पावणेदोनशे दिवस.

सहा महिने. माल बोगस नव्हता.

योग्य ताणाला, लोंबकळ तीच ठेवून, जवळच्या बेअरिंगवर १२५७ × १.५ = १८८६ न्यूटन येतात. भार जवळजवळ चौपटीनं कमी, आणि घनाच्या नियमानं आयुष्य साठ पट. कागदावर ते ८०,००० तासांच्या पुढे जातं. तेवढं कोणी चालवणार नाही. त्याआधी पिठाची धूळ सीलमधून आत शिरेल नाहीतर ग्रीस वाळेल. पण मग बेअरिंग मरेल ते देखभालीच्या कमतरतेनं, ताणानं नाही.

शाफ्ट पुरेल का

लोंबकळ शाफ्टला वाकवतेही. जवळच्या बेअरिंगपाशी वाकवणारा जोर = खेचाव × लोंबकळ = १२५७ × ०.१५ = १८९ न्यूटन-मीटर. शिवाय पीळ: ९५५० × ७.५ ÷ ७२० = ९९.५. दोन्ही एकत्र करताना वाकवणाऱ्या जोराला १.५ ने गुणतात, कारण फिरत्या शाफ्टचा प्रत्येक तंतू दर फेऱ्याला एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. (१.५ × १८९) चा वर्ग अधिक ९९.५ चा वर्ग, वर्गमूळ ३००. साध्या पोलादाला, चावीची खाच धरून, चौरस मि.मी.ला ३० न्यूटन कातरताण मानला तर व्यासाचा घन = १६ × ३,००,००० ÷ (३.१४१६ × ३०), आणि व्यास ३७ मि.मी. ४० चा शाफ्ट पास, ३५ चा नापास.

आता पुली ६० मि.मी. आत सरकवा, लोंबकळ ९० वर आणा. वाकवणारा जोर ११३ वर येतो आणि तेच सूत्र ३२ मि.मी. मागतं. आता ३५ चा शाफ्टही चालला असता. एक रुपयाही न घालता, फक्त पुलीची जागा बदलून. पुष्कळदा पुलीचा लांब बुशाचा भाग आतल्या अंगाला ठेवलेला असतो. ती उलटी फिरवून बसवली की चार-पाच सेंटीमीटर तिथेच वाचतात. मोटरच्या शाफ्टवरही हेच: पुली खांद्याला टेकेपर्यंत आत हवी, टोकाला नव्हे. मोटरचं पुढचं बेअरिंग तर चक्कीच्या बेअरिंगपेक्षा महाग पडतं आणि ते बदलायला मोटर खोलावी लागते.

पुली सरकवली की समोरची पुलीही त्याच रेषेत आणावी लागते, हे विसरू नका. दोन्ही पुल्यांच्या कडांना दोरी ताणून लावा. चारही ठिकाणी टेकली पाहिजे. तिरका पट्टा खाचेची एक भिंत खातो आणि तीनपैकी एकच पट्टा सगळी ओढ घेऊ लागतो. तिन्ही पट्टे नेहमी एकदम बदला, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. जुन्यात एक नवा घातला की तो एकटाच घट्ट असतो. आमच्या अंतराला बी ७४, म्हणजे ७४ इंची बी पट्टा बसतो.

सुरू होतानाचा झटका, आणि आयडलर

थेट स्टार्टरवर मोटर सुरू होताना दुपटीहून जास्त टॉर्क मारते. आपल्या गणितात म्हणजे १४०० न्यूटनच्या आसपास ओढ, आणि योग्य ताणाचा पट्टा तेवढी झेलू शकत नाही. तो क्षणभर सरकतो, किंचाळतो. हा आवाज ऐकून लोक पट्टा आणखी ताणतात. उपाय ताणात नाही, स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये आहे: त्यात सुरुवातीचा टॉर्क तिसऱ्या हिश्शावर येतो. दगड एकमेकांना टेकवून, धान्य भरून चक्की सुरू करायची सवयही सोडायला हवी. चालू असताना, भार स्थिर असताना पट्टा किंचाळत असेल तेव्हा मात्र ताण खरंच कमी आहे किंवा खाच गुळगुळीत झाली आहे. पट्टा खाचेच्या तळाला टेकून चकाकत असेल तर पुली बदला, कितीही ताण दिला तरी पाचर बसणार नाही.

मोटर सरकवायला जागाच नसेल तर आयडलर, म्हणजे पट्ट्याला दाबून ताण देणारी मोकळी फिरणारी पुली लावतात. त्याच्यावरचा भार = २ × त्या बाजूचा ताण × साइन (पट्टा जेवढा वळतो त्याच्या निम्मा कोन). चालू असताना आपल्या सैल बाजूला ३०० न्यूटन आहेत. पट्टा ४० अंश वळला तर आयडलरवर २०५ न्यूटन. तोच आयडलर घट्ट बाजूला लावला तर ६५० च्या पुढे. म्हणून आयडलर सैल बाजूलाच, आणि व्ही पट्ट्यासाठी शक्यतो खाच असलेला, आतल्या अंगानं, मोठ्या पुलीच्या जवळ. बाहेरून दाबणारा आयडलर पट्ट्याला उलटा वाकवतो, आणि आतून लावलेला लहान पुलीजवळ ठेवला तर तिचा वेढा कमी करतो.

त्या दिवशी आम्ही पुली उलटी करून आत घेतली, तिन्ही पट्टे नवे घातले, काटा २ किलोवर आणून नट आवळले. दोन दिवसांनी परत गेलो तेव्हा काटा दीड किलोच्या आसपास उतरला होता. बोल्ट अर्धा फेरा फिरवून १.६ वर आणला. काकांनी जाळीशेजारच्या भिंतीवर रंगानं लिहून घेतलं: ‘वाक ९.५ मि.मी., काटा १.६ किलो’. ताणकाटा त्यांनी माझ्याकडून विकत मागितला. मी तसाच ठेवून आलो, पिठाच्या डब्यांच्या वरच्या खिळ्याला टांगून.